रक्तातला लगाम



घरात आजारपणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : 'याची प्रतिकारशक्तीच कमी आहे, काहीतरी ताकदीचे द्या.' मग बदाम, खजूर, काढे आणि जाहिरातीतल्या बाटल्या यांची रांग लागते. खाणेपिणे चांगले असावे यात वाद नाही. पण प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी, ही समजूत अपुरी आहे. शत्रूवर धावून जाणारी ताकद शरीरात हवी, तशीच तिला वेळेवर आवरणारी ताकदही हवी. ही दुसरी ताकद कमी पडली तर काय होते, हे काही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे आणि त्यांना आजाराचे नावही ठाऊक नाही. या महिन्यात त्या आवरणाऱ्या ताकदीविषयी लिहीत आहोत.

जे अधुरे ते पुरे करणारे

गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जूल बोर्दे नावाचे तरुण बेल्जियन शास्त्रज्ञ काम करीत होते. लस टोचलेल्या प्राण्याचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारे पाणी, जीवाणूंना मारते हे तेव्हा माहीत झाले होते. तेच सीरम ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्याची मारण्याची शक्ती जाई. मात्र त्यात लस न टोचलेल्या एखाद्या प्राण्याचे थोडे ताजे सीरम मिसळले की ती परत येई. याचा अर्थ स्पष्ट होता. लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे उष्णतेने नष्ट झाली नव्हती. त्यांना साथ देणारे दुसरेच काहीतरी नष्ट झाले होते, आणि ते सर्वांच्याच रक्तात मुळापासून असते.

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी त्याला 'कॉम्प्लिमेंट' असे नाव दिले. मराठीत पूरक. उर्दू जाणणाऱ्यांना इथे 'तकमील' हा शब्द आठवेल. जे अधुरे आहे ते पुरे करणे. बोर्दे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपल्याला माहीत आहे की पूरक हा एकच पदार्थ नाही. रक्तातली आणि पेशींवरची मिळून तीसहून अधिक प्रथिने त्यात येतात. त्यांतली बहुतेक यकृतात तयार होतात आणि निजलेल्या अवस्थेत रक्ताबरोबर फिरत राहतात. सर्वांत जास्त असते ते 'सी-३' नावाचे प्रथिन. लिटरभर रक्तद्रवात साधारण एक ते दीड ग्रॅम. ही आपली उपजत प्रतिकारशक्ती आहे. शत्रूची आधी ओळख झालेली असावी, अशी तिची अट नसते.

तिला जाग येण्याचे तीन रस्ते आहेत. प्रतिपिंडे जीवाणूला चिकटली की पहिला रस्ता उघडतो. जीवाणूंच्या अंगावरच्या विशिष्ट शर्करा ओळखल्या गेल्या की दुसरा. तिसरा रस्ता मात्र कुणाची वाट पाहत नाही. सी-३ चे थोडे थोडे रेणू रक्तात आपोआप उमलत असतात, रात्रंदिवस. दार कायम किलकिले ठेवलेले असते म्हणा ना.

तिन्ही रस्ते सी-३ पाशी येऊन मिळतात. सी-३ फुटले की त्याचे दोन तुकडे होतात. लहान तुकडा पांढऱ्या पेशींना हाक मारतो. मोठा तुकडा, सी-३-बी, क्षणार्धात जवळ जी पेशी असेल तिला चिकटतो. तो चिकटला की त्या पेशीला खाऊन टाकावे असा शिक्का तिच्यावर बसतो. शिवाय हाच तुकडा दुसऱ्या प्रथिनांना जोडून घेऊन सी-३ फोडणारे नवे यंत्र उभे करतो. एका यंत्रातून अनेक तुकडे, प्रत्येक तुकड्यातून नवे यंत्र. बघता बघता जीवाणूचे अंग शिक्क्यांनी भरून जाते. शेवटी सी-५ पासून सी-९ पर्यंतची प्रथिने एकत्र येऊन त्याच्या आवरणात नळीसारखे भोक पाडतात आणि जीवाणू फुटतो.

मग आपण का फुटत नाही?

वर्गात हे सांगितले की एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारतेच, 'जवळ जी पेशी असेल तिला चिकटतो, तर मग आपल्याच पेशीला चिकटला तर?' प्रश्न अगदी बरोबर आहे. तो चिकटतोही. सी-३-बी ला आपले-परके कळत नाही. आपले-परके ओळखण्याचे काम दुसऱ्याच प्रथिनांकडे दिलेले आहे. त्यांना नियामक प्रथिने म्हणतात. आम्ही त्यांना लगाम म्हणू.

काही लगाम रक्तात मोकळे फिरतात. 'सी-१ इनहिबिटर' पहिल्या रस्त्याच्या तोंडाशीच उभा असतो आणि विनाकारण जागे होणाऱ्या सी-१ ला जखडून टाकतो. 'फॅक्टर एच' तिसऱ्या रस्त्यावर नजर ठेवतो. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर सियालिक आम्ल नावाची शर्करा असते. बहुतेक जीवाणूंवर ती नसते. फॅक्टर एच ती खूण ओळखतो, तिथे टेकतो आणि सी-३ फोडणारे यंत्र मोडून टाकतो. त्याच्या मदतीने 'फॅक्टर आय' नावाची कात्री सी-३-बी चे असे तुकडे करते की त्यातून पुन्हा यंत्र उभे राहत नाही. ही कात्री एकटी चालत नाही, तिला मदतनीस लागतोच. म्हणजे कुठे कापायचे याचा निर्णय दोघांच्या हजेरीतच होतो.

काही लगाम पेशींच्या अंगावरच बसवलेले असतात. 'सीडी-५५' यंत्राचे भाग सुटे करतो. 'सीडी-४६' कात्रीला मदत करतो. आणि एवढे होऊनही कोणी निसटून शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेच, तर 'सीडी-५९' सी-९ ची नळी पुरी होऊ देत नाही. आरंभी एक, मध्ये दोन-तीन, शेवटी एक, अशी ही बंदोबस्ताची साखळी आहे.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. तिसऱ्या रस्त्यावरचे सी-३ फोडणारे यंत्र मुळातच तकलादू असते. दीडेक मिनिटात निम्मी यंत्रे आपोआप मोडतात. जीवाणूच्या अंगावर 'प्रॉपर्डिन' नावाचे प्रथिन त्याला टेकू देते आणि ते कितीतरी पट जास्त टिकते. आपल्या पेशीवर लगाम असल्यामुळे ते दीड मिनिटही पुरे करत नाही. हत्यार तेच, परक्यावर टेकू आणि आपल्यावर लगाम, एवढाच काय तो फरक.

लगाम सुटला की

हे नुसते पुस्तकी ज्ञान नाही. एकेक लगाम सुटल्याचे आजार आहेत, आणि त्या आजारांनीच शास्त्रज्ञांना या लगामांचे मोल शिकवले.

पी.एन.एच. नावाचा एक दुर्मीळ रक्ताचा आजार आहे. त्यात अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत जन्मानंतर बिघाड होतो आणि तिच्यापासून निघणाऱ्या तांबड्या पेशींवर सीडी-५५ आणि सीडी-५९ बसतच नाहीत. या पेशी आपल्याच पूरक प्रथिनांच्या माऱ्याने रक्तात फुटू लागतात. काही रुग्णांना सकाळी कोकमाच्या किंवा काळ्या चहाच्या रंगाची लघवी होते, पंडुरोग होतो, नको तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात. हा आजार आईवडिलांकडून येत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. सी-५ ला रोखणारे 'इक्युलिझुमॅब' हे औषध २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि प्रथमच बाहेरून लगाम घालणे शक्य झाले. औषध अतिशय महाग आहे.

दुसरा आजार मुलांच्या मूत्रपिंडाचा. फॅक्टर एच कमी पडला की मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर पूरक प्रथिनांचा मारा होतो. तिथे गुठळ्या धरतात, तांबड्या पेशी तुटतात आणि मूत्रपिंड बंद पडू लागते. याला एच.यू.एस. म्हणतात. आपल्या देशात याची एक खास बाजू आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात अशा १३८ मुलांची माहिती आहे, ज्यांच्या शरीराने फॅक्टर एच विरुद्धच प्रतिपिंडे तयार केली होती. एच.यू.एस. झालेल्या एकूण मुलांत त्यांचे प्रमाण ५६ टक्के होते. युरोपात ते यापेक्षा खूपच कमी आढळते. ही प्रतिपिंडे वेळेवर ओळखली, रक्तद्रव बदलण्याचा उपचार लवकर सुरू केला आणि प्रतिपिंडे कमी करणारी औषधे दिली, तर परिणाम चांगला येतो, हेच त्या अभ्यासाचे सांगणे होते. म्हणून शाळकरी मूल अचानक फिकट पडले, अंगावर सूज आली, लघवी कमी किंवा लाल झाली, तर 'उन्हाचा त्रास' म्हणून दोन दिवस काढू नका.

चोरलेला लगाम

आपल्याकडे लगाम आहे हे जंतूंनाही कळले आहे, असे म्हणावे लागेल. मेंदूज्वर घडवणारा मेनिंगोकोकस हा जीवाणू आपल्या अंगावर असे एक प्रथिन बाळगतो की रक्तातला फॅक्टर एच त्यालाच येऊन चिकटतो. चोराने पहारेकऱ्याचा गणवेश चढवावा तसे होते. देवीच्या लसीत वापरल्या जाणाऱ्या व्हॅक्सिनिया विषाणूकडे तर पूरक आवरणारे स्वतःचेच प्रथिन आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात विषाणूंच्या अशा प्रथिनांवर बराच अभ्यास झाला आहे.

मेनिंगोकोकसचे नाव आपल्या वाचकांना अनोळखी नाही. हज आणि उमराहला जाणाऱ्यांना जी लस घ्यावी लागते ती याच्याच विरुद्ध असते. १९८७ च्या हजच्या वेळी या जीवाणूच्या 'ए' गटाची साथ पसरली आणि लस सक्तीची झाली. २००० साली 'डब्ल्यू-१३५' गटाची साथ आली, त्यानंतर चार गटांविरुद्धची लस आवश्यक ठरली. ही लस पोहोचण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची असते, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. आणि प्रतिपिंडे काय करतात? पूरक प्रथिनांचा पहिला रस्ता उघडतात. बोर्दे यांच्या परीक्षानळीत जे घडले तेच हाजींच्या रक्तात घडते.

लगाम जास्त ताणला तरी धोका असतो, हेही याच जीवाणूने दाखवले. ज्यांच्या रक्तात सी-५ ते सी-९ पैकी एखादे प्रथिन जन्मतः नसते त्यांना मेनिंगोकोकसचा आजार पुन्हा पुन्हा होऊ शकतो. सी-५ रोखणारे औषध घेणाऱ्यांनाही हाच धोका असल्याने त्यांना आधी ही लस देतात.

जी सूज खाजत नाही

आता ज्या लगामासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे येऊ : सी-१ इनहिबिटर.

आमच्या परिचयाच्या एका घरातली मुलगी दहावीत असताना तिचे ओठ अचानक सुजत, कधी हात, कधी पाय. दोन-तीन दिवसांत सूज आपोआप उतरे. कधी पोटात असह्य कळा आणि उलट्या. ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली, अंडी बंद, मासे बंद, वांगी बंद. नजर उतरवून झाली. घरातली कुजबूज निराळीच होती : हे सुनेच्या माहेरकडून आले. मुलीची अम्मी खाली मान घालून ऐकून घेई. एकदा एका तरुण डॉक्टरांनी दादीला सहज विचारले, 'घरात आणखी कुणाला अशी सूज येते का?' दादी म्हणाली, 'आमच्याकडे हे सगळ्यांनाच होतं, डॉक्टरसाहेब. त्यात विचारायचं काय?' मुलीच्या अब्बांचे हात सुजत. आणि तिची फुफी, दाढ काढल्यानंतरच्या रात्री, गळा सुजून वारली होती. जेवणात काहीतरी आले असेल असे सगळे समजून बसले होते. साध्या रक्ताच्या तपासणीत मुलीचे आणि अब्बांचे सी-४ खूप कमी निघाले. पुढच्या तपासणीत सी-१ इनहिबिटर कमी असल्याचे ठरले.

या आजाराचे नाव हेरेडिटरी अँजिओएडिमा, म्हणजे आनुवंशिक सूज. विल्यम ऑस्लर यांनी १८८८ मध्ये एका अमेरिकन कुटुंबातल्या पाच पिढ्यांत तो दाखवून दिला. कारण सापडायला १९६३ साल उजाडावे लागले. डोनाल्डसन आणि इव्हान्स या संशोधकांनी या रुग्णांत सी-१ इनहिबिटरची उणीव असल्याचे दाखवले. साधारण ५०,००० माणसांत एकाला हा आजार असतो असे मानतात.

हा लगाम एकाच वेळी दोन घोडे आवरतो. पहिला सी-१. तो मोकळा सुटला की सी-४ खर्ची पडत राहते, म्हणून तपासणीत सी-४ कमी दिसते. दुसरा घोडा 'कॅलिक्रीन' नावाचा. तो सुटला की 'ब्रॅडिकायनिन' तयार होते, रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि सूज येते. ॲलर्जीची सूज हिस्टामिनमुळे येते, ही ब्रॅडिकायनिनमुळे. म्हणूनच ॲलर्जीच्या गोळ्या, स्टेरॉइड किंवा ॲड्रेनॅलिन यांचा इथे भरवशाचा उपयोग होत नाही. चुकीच्या कुलपाला कितीही चाव्या लावल्या तरी ते उघडत नाही.

ओळखायचे कसे? ही सूज खाजत नाही आणि तिच्याबरोबर अंगावर पित्ताच्या गांधी उठत नाहीत. ती काही तासांत हळूहळू वाढते आणि दोन ते पाच दिवसांत उतरते. ती वारंवार येते. आतड्याला सूज आली की पोट इतके दुखते की अपेंडिक्स समजून ऑपरेशन झाल्याचीही उदाहरणे आहेत. दात काढणे, मार लागणे, मनावरचा ताण ही निमित्ते ठरतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या 'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्यांनी, जसे एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल, त्रास वाढतो. मात्र रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

सर्वांत मोठा धोका गळ्याच्या सुजेचा. आवाज बदलला, गिळता येईना, घशात गोळा अडकल्यासारखे झाले, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठायचे. तिथे पोहोचताच 'हा आनुवंशिक सुजेचा रुग्ण आहे, साधी ॲलर्जी नाही' हे सांगायचे. सी-१ इनहिबिटरचे इंजेक्शन आणि 'आयकॅटिबँट' ही यावरची नेमकी औषधे आहेत. ती महाग आहेत आणि सगळीकडे मिळत नाहीत. ती नसतील तर गोठवून ठेवलेला ताजा रक्तद्रव देतात. झटके टाळण्यासाठी काहींना डॅनाझॉल किंवा ट्रॅनेक्झामिक ॲसिड देतात, पण ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. प्रतिकारशक्तीच्या अशा दुर्मीळ दोषांवर काम करणारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे.

दोष कुणाचा?

त्या अम्मीची आठवण ठेवून शेवटचे दोन शब्द. हा आजार आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही. दोघांपैकी एकाच्या जनुकात बदल असला तरी पुरतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. चारपैकी साधारण एका रुग्णात तर घरात आधी कुणालाच नसताना तो नव्याने उद्भवतो. म्हणून सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही, तसाच तिच्या सासरला लावण्यातही नाही. जनुक कुणी निवडून देत नाही.

नात्यातल्या लग्नाचेही तसेच. या सुजेला ते कारण नाही. पूरक प्रथिनांचे दुसरे काही दोष मात्र, जसे सी-५ ते सी-९ मधली उणीव, आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच प्रकट होतात. तिथे नात्यातल्या लग्नाने शक्यता वाढते. ज्या घरात असा आजार निघाला आहे तिथे लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

बऱ्याच घरांत असा आजार लपवला जातो, मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने. ती भीती आम्हाला समजते. पण लपवलेल्या आजाराची किंमत फुफीसारखी कुणीतरी मोजते. सांगितलेला आजार हाताळता येतो. निदान झालेली ती मुलगी आज पदवीच्या वर्गात आहे. पर्समध्ये एक कार्ड बाळगते, त्यावर आजाराचे नाव आणि कोणती औषधे चालत नाहीत ते लिहिलेले आहे. दाताच्या डॉक्टरांकडे जाताना आधी ते कार्ड पुढे करते.

आपल्या घरात नानी, मामू, खाला, फुफी, चाचा यांपैकी कुणाला न खाजणारी, येणारी-जाणारी सूज आहे का? गळा सुजून कुणी दगावले होते का? घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या आणि एका कागदावर लिहून ठेवा. होकार आला तर सी-४ ची तपासणी करून घ्या. लहान मुलांचेही निदान होऊ शकते, त्यासाठी पहिल्या झटक्याची वाट पाहायला नको.